लच्छूचा बेल्ट

हैदराबाद,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. दिव्यानीस अमरदादाचा आशीर्वाद.

मी खुशाल आहे. होस्टेलात उपाशी राहू नोको. फोनवर तू मधातच बोलते, म्हणून कागदावर लिहून राह्यलो.

तुझ्या सर्व्हेचा फॉर्म भेटला. काऊन वं, सख्ख्या भावाले 'प्रतिसादक क्रमांक सतरा' लिहिते? गाव काऊन सोडलं, तं खाली चार चौकटी. तलावातल्या मासोळीचा ठेका दुसऱ्यानं नेला तवा तूही तिथीच उभी होती ना?

आन् हे नवीन काय? इथी सेंटरिंगवाल्या पोराईले मी दोन वर्षं सांगत होतो, माही बहीण मनाची डॉक्टर होऊन राह्यली. आता तू म्हणते मानसशास्त्र सोडलं, विकासाचं अर्थशास्त्र घेतलं. त्यातला सुनिल हासला, "म्हणजे आता मन सोडून तांदूळ मोजते का?" मले राग आला. त्याचा नाई, तुझा.

तू लिहिलं, आपल्या गावचा लच्छू इथी बिल्डिंगवरून पडून मेला, मंग त्याच्या मायले, मीराबाईले, तू सहा महिने झोपेचे प्रश्न विचारले. एक दिवस ती म्हणाली, "पोरी, भरपाई नाई, घरात दाणा नाई. झोप कुठून?" तवा तुले समजलं का दुःख डोक्यात नाई, घरात आहे. वा! एवढी शिकली, पण भरपाई काऊन नाई भेटली हे कोणाले नाई विचारलं.

मंग ऐक.

बिल्डिंगचा ठेकेदार म्हणते लच्छूनं आपल्या मनानं सेफ्टी बेल्ट काढला. झूठ. त्या दिवशी बेल्ट नवेच आले होते. लच्छू कमरेले बांधून राह्यला होता. आपण ढिवर. पाण्यात दोर कमरेले बांधाचा नाई, जाळं अडकलं तं माणसाले खाली नेते, हे बाबानं लहानपणीच शिकवलं. मीच म्हटलं, "काऊन बे, खुट्याची बकरी आहे का तू?" सगळे हासले. मुकादमही हासला. लच्छूनं बेल्ट काढला आन् सहाव्या माळ्यावर चढला.

दुसऱ्या दिवशी त्याच मुकादमानं कागद आणला, लच्छूले सांगूनही त्यानं ऐकलं नाई म्हणून. "सही कर, नाईतं केस तुझ्यावर." मी सातवी पास. पण तेवढं वाचता येते मले. सही केली.

तू विचारलं, मागच्या महिन्यात किती दिवस कामावर गेला नाई? अकरा. कारण, 'इतर'. शिडीवर पाय ठेवतो आन् वापस खोलीवर येतो. वाटलं होतं, तू मनाची डॉक्टर झाली का तुले एकटीले सांगीन. तू तं थांबलीच नाई.

आता हे पत्र मीराबाईले वाचून दाखव. बकरीचंही वाच, गाळू नोको. मंग तिले घेऊन वकिलाकडे जा. मी साक्ष द्याले येतो. ती मले दारात उभं करणार नाई, तरी येतो.

साक्षीले लागन म्हणून पूर्ण नाव लिहितो.

तुझा भाऊ,
अमर बाबुलाल शेंडे