वाकडी बोटं

लेस्टर, मंगळवार, १६ सप्टेंबर

इंग्रजांचं साम्राज्य गेलं ते गेलंच, आज किटलीचं बटणही गेलं. पाणी उकळेपर्यंत बोटाने दाबून उभी होते, तेवढ्यात इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक नीलाताईंचा फोन.

"लेख सुंदर झालाय गं. फक्त त्या बेसबॉलवाल्याला विकेटकीपर कर ना. बेसबॉल आपल्यात कोण वाचतं?"

माझ्या लेखातला बेसबॉलवाला खराखुरा माणूस, अमेरिकेत पैसे घेऊन खेळणाऱ्या पहिल्या पिढीतला. उघड्या हातांनी झेल घेऊन सगळी बोटं मोडली, वाकडीच जुळली. ग्लव्ह्ज आले तेव्हा ती बोटं त्यांत शिरेनात, म्हणून क्लबने हाकललं. आणि मी त्याला विकेटकीपर करू? म्हणजे हातात ग्लव्ह्ज आलेच, मग बोटं मोडणार कशी?

"बरं, करते," म्हणाले. का म्हणाले? नाव छापून यावं म्हणून? ती बोटं डोळ्यांपुढून हलेनात.

जेवण झाल्यावर नीलाताईंना मेसेज केला, लेख मागे घेते. आता त्याच्याबद्दल कुणीच वाचणार नाही, पण खोटंही वाचणार नाही. मी त्याचं एवढंच देणं लागत होते.