पिंगळबाग आणि तिच्यातली बारव

मी, मनकर्णाबाई भ्रतार कै. रामराव सरनाईक, वय अदमासे साठ, राहणार वाशीम, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. अक्षर वाकडे आले आहे ते थंडीने. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट लिहू नकोस असे सांगणारेच पुष्कळ होते.

कलम पहिले. गावाबाहेरची पिंगळबाग, तीतील झाडे व बारव यांसह, माझे वडील नानाजी गोटे यांनी मला रजिस्टर बक्षीसपत्राने दिली. तिच्यावर सासरच्या कोणाचा हक्क नाही. ती माझ्याकडे कशी आली हे कळल्याखेरीज पुढचा मजकूर उलगडणार नाही, म्हणून लिहिते.

प्लेगच्या साली सारे गाव उठून माळावर झोपड्या घालून राहिले. माझे यजमान त्याच साथीत गेले. मी त्यांची शुश्रूषा केलेली, म्हणून मला कोणी जवळ करीना. वडिलांनी आपल्या पडीक बागेत मला कुडाची झोपडी घालून दिली. भाकरी कुंपणाजवळ ठेवून माणसे निघून जात. जवळच्या बंजारा तांड्यातली भुरीबाई मात्र लाकडे वेचता वेचता सरळ दारात आली.

मी म्हटले, "बाई, जवळ येऊ नको. मले प्लेग असंन."

ती म्हणाली, "असंन त असंन. एकटी बसून कायले मरतं?"

तिने मला विळा दिला आणि घाणेरी कापायला लावली. दुःखाला काम लागते, हे तिला ठाऊक होते. माजलेल्या घाणेरीखाली आम्हाला कोरीव दगड लागला, त्याखाली दुसरा, मग बारवेच्या पायऱ्याच. उन्हाळाभर आम्ही दोघींनी माती उपसली. खाली पाणी होते, आणि पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना सुगरणींची घरटी लोंबत होती. एका कोनाड्यात लेकरू कडेवर घेतलेली दगडी बाई आणि तिच्या खांद्याशी बसलेले पिंगळ्यांचे, म्हणजे लहान घुबडांचे, जोडपे. ते आमच्याकडे असे डोळे वटारून पाहू लागले की यजमान गेल्यावर मी पहिल्यांदा हसले.

साथ ओसरल्यावर गाव परत गेले. मी गेले नाही. वडील समजले आणि त्यांनी बाग माझ्या नावे करून दिली.

हळदीकुंकवाला मला कोणी बोलवीत नसे. तेव्हा मीच बायकांना झाडे पाहायला बोलवू लागले. आधी दोघी आल्या, मग आळीच्या आळी. चारोळीचे फळ पुष्कळींनी खाल्ले होते, झाड पाहिले नव्हते. मृगाच्या सुमारास नवरंग पक्षी येतो, तो दिसावा म्हणून चार-चार पोरांच्या आया पालापाचोळ्यात श्वास रोखून बसत. पुढे शाळेची मुले येऊ लागली. कोनाड्यातली बाई कोणती देवी, हे मात्र आजवर कोणालाही सांगता आले नाही.

कलम दुसरे. बाग म्युनिसिपल कमिटीकडे देऊ नये. मी एकदा देऊ केली होती. अट एकच घातली, की फाटक आणि बारवेचे पाणी सर्व जातींना खुले राहील. एक सभासद म्हणाले, "फाटकाचं पाहू, पाण्याचं नोका बोलू." मी कागद परत घेतला. त्या सभासदांवर माझा राग नाही असे लिहिणार होते, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणतात.

सबब बाग माझ्यामागे माझी भावजय कस्तुराबाई व भुरीबाईची लेक हिरीबाई यांच्या ताब्यात राहावी. ती विकू नये, गहाण टाकू नये. अट वरचीच. दोघींचे पटले नाही तर बारवेच्या पायरीवर बसून भांडावे. कोर्टात जाऊ नये.

कलम तिसरे. कोनाड्यातल्या बाईला शेंदूर फासू नये. तिच्या केसांचे पेड अजून दिसतात. पावसाळ्यात चिंचेवर कोणी चढू नये, बगळ्यांची पिले असतात.

त्या चिंचेच्या बुंध्याला खोल घाव आहे. वडील गेल्यावर माझे वडीलबंधू उकंडराव यांनी बाग कापसाचा जिन चालवणाऱ्या एका व्यापाऱ्याला द्यायचे ठरवले. जिनला पाणी हवे होते. मी नाही म्हटले.

"एकट्या बाईले एवढी बाग कायले पाहिजे?"

"दादा, तुमाले एवढा वाडा कायले पाहिजे?"

त्यांनी ऐन श्रावणात कुऱ्हाडी आणवल्या. पहिल्या घावांनीच चिंच हादरली आणि बगळ्यांची पिले टपटप खाली पडली. तेवढ्यात कस्तुरावहिनी धावत आल्या, नवऱ्यासमोर डोईवरचा पदर सोडला आणि त्यात एकेक पिलू उचलू लागल्या. लाकूडतोड्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. "मालक, हे आमच्यानं नाही होत," म्हणून ते निघून गेले. दादा एकटेच उभे राहिले. त्या दिवसापासून बहीणभावांचे बोलणे तुटले. वहिनी येत राहिल्या.

कलम चौथे. माझा विळा व पहार भुरीबाईस. ती आता वाकू शकत नाही, पण दुसऱ्या कोणाच्या हाती ती हत्यारे मला पाहवणार नाहीत. भांडी हिरीबाईस. पोस्टातली शिल्लक बारवेची पूर्वेकडची भिंत सावरण्यास लावावी. माझ्या तेराव्याला जेवणावळ करू नये.

इथवर लिहून झाले होते. माझ्यामागे या बागेवर हक्क सांगू शकेल असा एक भाऊच, म्हणून साक्षीला या असा वहिनींकडून निरोप धाडला. दादा येतील असे वाटले नव्हते. वहिनींबरोबर काठी टेकीत आले. बारवेच्या काठावर बसून त्यांनी सगळा कागद वाचला. काय झाले तेही इथेच लिहून ठेवते.

"याच्यात माह्या नावानं काय हाये?"

"काही नाही, दादा."

"मंग माही सही कायले पाहिजे?"

"तुमी साक्ष घातली त उद्या कोनी मोडता घालनार नाही."

त्यांनी चिंचेच्या बुंध्यावरचा घाव पाहिला. मग म्हणाले, "त्या पिलायतलं एखादं जगलं होतं का वं?"

"वहिनींनी दोन जगवली. तुमच्याच वाड्यात, कोठीच्या खोलीत."

"माह्या वाड्यात?" दादा वहिनींकडे वळले. वहिनींनी टाक दौतीत बुडवून त्यांच्या हाती दिला.

समजून उमजून सही केली असे.
मनकर्णाबाई रामराव सरनाईक, दस्तुरखुद्द

साक्षीदार:
१. बाबूसिंग राठोड, राहणार अनसिंग
२. उकंडराव नानाजी गोटे, राहणार वाशीम. कागद वाचला. माझी हरकत नाही. सही बागेत बसून केली.

मुक्काम वाशीम, ता. १२ डिसेंबर १९४१