नसलेले खड्डे

४ फेब्रुवारी, रविवार

आज परत तेच! पंपहाउसच्या पुढचा तळ्याकाठचा रस्ता गेल्या पावसाळ्याआधीच डांबरी केलाय. काळाभोर, गुळगुळीत. आणि हे पुढून डावा हात खाली सोडून बोट दाखवतायत — "खड्डा!" कुठला खड्डा? मी यांच्या सायकलच्या मागच्या चाकाला चाक लावून चालले होते, मला तर काहीच दिसलं नाही. तरी सवयीने उजवीकडे सरकले. माझ्यामागची आमच्या सायकल-गटाची रांगही सरकली.

आणि ते ओरडणं! इतकी वर्षं नुसता हात दाखवायचे. हल्ली भाजी विकायला निघाल्यासारखे ओरडतात. मागचे सगळे हसतात. मला आज हसू आलं नाही.

६ फेब्रुवारी

सासऱ्यांचंही असंच सुरू झालं होतं. पाडून टाकलेल्या दुकानात पेपर आणायला निघायचे. मेलेल्या कुत्र्याला हाक मारायचे. शेवटी शेवटी मला विचारायचे, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?" त्यांचं सगळं मी केलं, कंटाळले नाही. पण यांच्यावर ती वेळ — नको.

तळ्याभोवतीच्या सगळ्या वाटा यांनीच शोधलेल्या. लहान फेरी पंपहाउसवरून परत. मधली मिठागरांच्या बांधावरून. आणि मोठी फेरी म्हणजे अख्ख्या तळ्याला वळसा. शेवटी ती वाळूची पट्टी, एका हाताला तळं, दुसऱ्या हाताला समुद्र, आणि तळं समुद्राला मिळतं तिथला अरुंद पूल. कुठे वारा आडवा येतो, कुठे कुत्री मागे लागतात, सगळं यांना तोंडपाठ. घोटाळा तोच तर आहे! रस्ता बदलला, यांच्या डोक्यातला रस्ता मात्र तोच राहिला.

८ फेब्रुवारी

मागच्या दाराच्या पायरीला यांनी पांढरी पट्टी चिकटवली.

"हे कशाला?"

"असू दे. पाय चुकतो."

कुणाचा चुकतो? यांचाच असणार. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार सताड उघडं ठेवलं होतं, माझी डावी भुवई त्यावर आपटली. टेंगूळ आलंय. दारं लावायचंही विसरायला लागले म्हणजे झालंच!

११ फेब्रुवारी, रविवार

आज चार ठिकाणी बोट दाखवलं. एकाही ठिकाणी काही नव्हतं. थांब्यावर औषधवाल्याला बाजूला घेतलं. त्याचं औषधांचं दुकान आहे, रांगेत तो कायम माझ्यामागे असतो. विचारलं, "काय हो, मिठागरापाशी खड्डा होता का?"

तो म्हणाला, "मॅडम, मी कुठे खाली बघतो? मी तुमचा हात बघतो, तुम्ही सरांचा बघता. खाली बघायचं काम पुढच्याचं!"

नियमच आहे तसा. पुढच्याने हात दाखवायचा, मागच्याने तो तसाच मागे पोचवायचा. म्हणून तर चाकाला चाक लावून चालता येतं. म्हणजे एवढी माणसं एका माणसाच्या आठवणीवर चाललीयेत, आणि ते फक्त मला माहीत आहे.

१३ फेब्रुवारी

चहा घेताना हे म्हणाले, "अगं, एकदा डोळे तपासून घेऊ. दोघंही."

मी म्हटलं, "तुमचे घ्या तपासून. माझे शाबूत आहेत."

जरा फटकन बोलले. हे पेपर चाळत बसले. नंतर वाटलं, यांना स्वतःलाच काहीतरी जाणवत असणार. एकट्याने जायचा धीर होत नाही, म्हणून मला ओढतायत. बिचारे.

१४ फेब्रुवारी

लेकीला फोन केला. तिचं एकच — "आई, बाबा परवाच माझ्याशी भरपूर बोलले. काही विसरत नाहीत ते."

"तू लांब राहतेस. तुला काय कळणार?"

"तू बरी आहेस ना गं? बाबा तुझीच काळजी करत होते."

माझी! मी फोन ठेवून दिला. कुणाची काळजी कुणी करायची!

१८ फेब्रुवारी, रविवार

पडले.

वाळूच्या पट्टीवर हे ओरडले — "डावीकडे वाळू! उजवीकडे ये!" मनात म्हटलं, चला, आणखी एक. आणि सरकले नाही. हट्टानेच. पुढचं चाक घसरलं ते कळायच्या आत मी आडवी! औषधवाला माझ्या अंगावर येता येता वाचला. कोपर सोललंय, गुडघ्याचं विचारूच नका.

वाळू होती. या वेळी खरंच होती, वाऱ्याने रस्त्यावर आलेली. उन्हात रस्त्यासारखीच दिसत असेल. पण रोज नसलेले खड्डे दाखवल्यावर खऱ्यावर विश्वास कोण ठेवणार?

मी उठून बसायच्या आत हे माझ्याशेजारी रस्त्यावर बसले होते. "मी ओरडलो होतो गं. ओरडलो होतो ना?" तेच तेच, परत परत. मी गुडघ्यावरची वाळू झटकत राहिले.

२० फेब्रुवारी

आज मास्तरांकडे गेले. निवृत्त झाले तरी आमच्या गटाची सगळी व्यवस्था तेच बघतात. दहा मार्चला मोठी फेरी. बाहेरगावची माणसंही येणार, त्यांना रस्त्याची काडीची माहिती नाही. आणि पुढे हे!

सगळं सांगून टाकलं. सासऱ्यांचंही. मास्तर चष्मा पुसत राहिले.

"वहिनी, या वाटा त्यांनी बसवल्या. त्यांनाच बाजूला हो म्हणायचं?"

"कुणाचा जीव गेल्यावर म्हणणार का?"

परत येताना फाटकाच्या खांबाला खांदा घासला. लक्षच नव्हतं. यांच्या पाठीमागे यांची पुढची जागाच काढून घेऊन आले. दुसरं काय करणार होते?

२५ फेब्रुवारी, रविवार

मास्तरांनी आज सगळ्यांसमोर सांगितलं — "आता तरुणांनी पुढे व्हावं." कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

पुढच्या माणसाचं ते केशरी जाकीट. यांनी काढलं, नीट घडी घातली, औषधवाल्याच्या हातात दिलं. त्याला म्हणाले, "पुलाच्या अलीकडे वेग कमी कर. आणि हात लवकर दाखवत जा." बस्स, एवढंच.

घरी आल्यावर मला म्हणतात, "बरं झालं बघ. पुढे असलो की मागे वळून बघता येत नाही. आता तुझ्या शेजारून चालवेन. डाव्या बाजूने."

मला रडूच फुटलं. हेच उलटे माझी समजूत घालत बसले. यांना कुणी सांगितलंय थोडंच, हे सगळं माझ्यामुळे झालं म्हणून! मनातून यांना किती लागलं असेल. आणि मी, जिने लावलं, ती पदराला — छे, टॉवेलला डोळे पुसतेय.

४ मार्च

मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. विसरण्याच्या सगळ्या चाचण्या हे हसत हसत पास झाले! शंभरातून सात वजा करत हे माझ्याहून पुढे. डॉक्टर म्हणाले, रस्त्यावर नसलेलं दिसतं म्हणता, तर आधी डोळे दाखवून या.

मला वाटलं, हे आता आढेवेढे घेतील. तर लगेच तयार!

"पण तूही दाखव. मी एकटा बसणार नाही तिथे."

लहान मुलासारखं. बरं म्हटलं. तेवढ्याने येत असतील तर येऊ देत.

५ मार्च

यांचे डोळे उत्तम आहेत.

मला मात्र एका यंत्रापुढे दोनदा बसवलं. उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. सगळे दाबले असं मला वाटलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ठेवला. दोन्ही डोळ्यांची डावीकडची बाजू काळी, खाली जास्तच. काचबिंदू. बरेच दिवसांपासूनचा. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते थेंबांनी सांभाळायचं. "कळत नाही माणसाला," त्या म्हणाल्या. "जे दिसत नाही तिथे अंधार नसतो. मेंदू आजूबाजूचं घेऊन ती जागा भरून टाकतो. तुम्हाला खड्डा दिसणार नाही, गुळगुळीत रस्ता दिसेल."

बाहेर आल्यावर यांना विचारलं, "ओरडायला कधीपासून लागलात?"

"तू माझ्या हातावर सरकेनाशी झालीस तेव्हापासून."

आणि जाकीट मी काढून घेतलं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना हे माझ्या डावीकडे होते. हात माझ्यापुढे आणून खाली सोडला, बोट दाखवलं. ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "पायरी."

मला पायरी दिसली नाही. हात दिसला. पाय टाकला.