चांदणी सुटली

४ मे, रविवार

पोचले. बॅगा अजून उघडल्या नाहीत, पण अब्बांना शब्द दिलाय की पहिल्याच दिवशी नोंद करीन. अब्बांनी मला सातवीपर्यंत घरीच शिकवलं; मराठी, गणित, कुराण, सगळं ओटीवर बसून. त्यांचा नियम एकच होता. पाहिलं नाही ते लिहायचं नाही, आणि पाहिलं ते पुन्हा तपासायचं. म्हणून मी अशी झालेय. गॅस बंद केला का, ही काळजी मला विमानातही लागली होती, आणि आमच्याकडे गॅस बंद करते अम्मी.

शरीफुन्निसा खाला स्वतः न्यायला आल्या होत्या. तशा त्या अम्मीच्या लांबच्या बहीण, पण एका मोहल्ल्यातली बाई म्हणजे आमच्याकडे सख्खी खालाच. मला बघताच गर्दीतून ओरडल्या, "काय गो, ही पोरगी की आगपेटीतली काडी? विमानात जेवण देतात की नुसता वास?" लोक वळून बघायला लागले. मला लाज वाटली आणि हसूही आवरेना.

घर आखातातल्या या छोट्या बेटावर, सनाबिस नावाच्या वस्तीत आहे. गच्चीवरून मॉलचे दिवे दिसतात. खालांचे यजमान, कमाल खालू, पलंगावरच असतात, त्यांचं लिव्हर खराब झालंय. तरी पहिला प्रश्न विचारला तो आंब्याचा. मी बॅगेतलं आंब्याचं साट काढून दिलं तर लहान मुलासारखे हसले. माझी खोली वर, मागच्या अंगाला आहे. खिडकीखाली एसीचं मोठं यंत्र घरघरतं. त्याची सवय होईल.

मी फार खूश आहे. खालांच्या संस्थेत अस्वलं वाचवायची नोकरी, म्हणजे तीही आपल्या माणसांत!

६ मे

सकाळी खालांनी काचेची छोटी पेली हातात दिली. कडू, इतकं कडू की कानशिलं तापली. आणि एकदम घर आठवलं. लहानपणी अम्मी उपाशीपोटी असंच काडेकिराईत पाजायची, आम्ही भावंडं नाक धरून ओळीत उभी. इथे समुद्रापार किराईत! माझे डोळे भरून आले. प्रवासापासून माझं डोकं दुखतंय, म्हणून खाला म्हणाल्या, पी, तुझी डोकेदुखी कुठल्या कुठे पळेल. मी पेली चाटूनपुसून संपवली.

१२ मे

आज कामाचं लिहिते. पूर्वेकडच्या काही देशांत अस्वलांना पित्तासाठी पिंजऱ्यात ठेवतात. पिंजरा इतका अरुंद की कूस बदलता येत नाही. पोटाला भोक पाडून नळी घालतात आणि रोज पित्त काढून घेतात. औषध म्हणून ते विकलं जातं. असं वर्षानुवर्षं. अस्वलं गजांवर दात घासून घासून तोडून घेतात. मी एक चित्रफीत पाहिली आणि उठून भिंतीवर मूठ मारली. असा राग मला आजवर आला नव्हता. ज्यांच्या घशाखाली ते उतरतं त्यांना झोप कशी लागते?

आमचं पोस्टर खालांनी केलंय. छातीवर पांढरी कोर असलेली अस्वलीण, डावा कान फाटलेला. खाली ओळ: चांदणी सुटली. आता बाकीच्यांची पाळी. खाला सांगतात की ही त्यांनी सोडवलेली पहिली अस्वलीण आहे, आता अभयारण्यात झाडाखाली झोपते. मी पत्रं लिहिते, सह्या गोळा करते, येईल त्याला चांदणीची गोष्ट सांगते.

माझ्या लेबलं वाचण्याची घरात थट्टा चालते. गोळी, केक, साबण, कशातही जिलेटिन किंवा चरबी नाही ना, हे मी पाहते. खालू म्हणाले, मुनीरा पाण्याच्या बाटलीवरही 'हलाल' शोधते. शोधतेच!

२३ मे, शुक्रवार

ईसा टाउनच्या शाळेत मेळावा होता, तिथे आमचं टेबल. मुलं मराठी ऐकून घेतात आणि इंग्रजीत उत्तर देतात. एकीने विचारलं, इज शी हॅपी नाऊ? मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं.

जनावरांच्या डॉक्टर निवेदिता तिथे भेटल्या. मूळ पुण्याच्या, उम्म अल हस्सममध्ये दवाखाना आहे. पोस्टरपाशी बराच वेळ उभ्या होत्या. चांदणी नेमकी कुठल्या अभयारण्यात आहे, असं त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. माहीत नसताना मी आजवर सगळ्यांना सांगत आले, याची मला शरम वाटली. खालांना विचारलं तर म्हणाल्या, नाव सांगायची परवानगी नसते, खलास. डॉक्टरांनी मला स्वतःचं कार्ड दिलं.

१९ जून

उन्हाळा असा की दुपारी बाहेर काम करायला सरकारचीच बंदी आहे. रस्ता मेलेला असतो. जोहरच्या नमाजानंतर खाला मागे जातात आणि स्टीलची वाटी कशावर तरी वाजवतात. मांजरांना बोलावते, म्हणतात. मांजर मला एकही दिसलं नाही. वाटी वाजली की मला मात्र गुंगी येते.

आज काहीतरी विचित्र झालं. मी टेबलाशी पत्र लिहीत होते. वाटी वाजली. त्यानंतर मी जमिनीवर उताणी होते, हात डोक्याच्या वर, आणि कुर्ता बरगड्यांपर्यंत वर केलेला. दाराला आतून कडी होती. म्हणजे तो मीच वर केला. मी झोपेतही ओढणी सरकू देत नाही.

उन्हाचा त्रास असेल. किराईत वाढवायला हवं.

२ जुलै

आज लिहिते. जे पाहिलं तेवढंच.

दुपारी खालूंना ओकारी झाली, खाला धावत त्यांच्याकडे गेल्या. मागच्या, एरवी कुलूपबंद असणाऱ्या कोठीचं दार उघडं राहिलं. एसीचं यंत्र बंद होतं, तरी घरघर येत होती. मी आत गेले.

पिंजरा. आत अस्वलीण. छातीवर पांढरी कोर, डावा कान फाटलेला. पोटावर पट्टी, पट्टीतून नळी. पुढचे दात नाहीत. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हललीही नाही.

पावलं ऐकून मी पोत्यांमागे लपले. खाला आल्या. वाटी गजांवर वाजवली. आणि चांदणी आपणहून उताणी झाली. पुढचे पाय डोक्याच्या वर. पोट उघडं.

वाटीत पिवळं-हिरवं पडलं. खाला तिच्याशी लाडाने बोलत होत्या, जशा माझ्याशी बोलतात.

३ जुलै

विचारलं. तोंडावर विचारलं, माझी जीभ अडखळली नाही.

खाला रडल्या. कुणाच्या तरी खासगी जनावरखान्यातून ती आणली, तिथे ती उपाशी मरत होती, म्हणाल्या. तुझ्या खालूंना गोळ्या लागू पडेनात. हजार अस्वलं सोडवण्यासाठी मी रात्रंदिवस मरते, मग एक माझ्या माणसासाठी ठेवली तर अल्ला मला विचारील का? मी म्हटलं, विचारील. आणि तोवर मी विचारते. त्या पोस्टरवर तिचाच फोटो लावताना हात कसा झडला नाही?

तेव्हा त्या दुखावल्यासारख्या म्हणाल्या, "आणि तुला रोज देत आले, ते कुणाचं? तुझी डोकेदुखी थांबली तेव्हा गोड लागलं ना?"

पेली.

त्यांनी कधीच किराईत म्हटलं नव्हतं. मीच म्हटलं. साबणाचं लेबल वाचणारी मी, आपल्याच माणसाच्या हातची पेली, घरची चव म्हणून, बिस्मिल्ला म्हणून रोज रिकामी करत होते. चांदणीची गोष्ट सांगायला निघण्याआधी, रोज.

घशात बोटं घातली. नुसतं पाणी पडलं. राग मात्र बाहेर पडेना. तो आता पोटात आहे, उजवीकडे, बरगडीखाली.

४ जुलै

डॉ. निवेदितांना फोन केला. त्यांनी आधी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, खालूंना जे लागतं तेच औषध कारखान्यात तयार होतं, कुठल्याही दुकानात मिळतं, त्यासाठी अस्वल लागत नाही. हे ऐकून मी किंचाळले. परवाना, पिंजऱ्याची गाडी, सरकारी माणसं, सगळं जमवून त्या १३ तारखेच्या रविवारी येतील. मला म्हणाल्या, तू आत्ता निघून ये. पण मी निघाले तर खालांना कळेल, आणि रविवारी कोठी रिकामी सापडेल. मी राहणार. चांदणी त्या दारातून बाहेर पडलेली मला माझ्या डोळ्यांनी पाहायची आहे.

खालांना म्हटलं, चुकले, माफ करा. आयुष्यातलं माझं पहिलं खोटं. पेली खिडकीतून ओतली.

७ जुलै

पेली बंद केली तरी वाटी थांबत नाही. कानांत उशी कोंबली. ती कानांतून येतच नाही. आज ओढणीने स्वतःला खुर्चीला बांधलं. जाग आली तेव्हा जमिनीवर, उताणी. ओढणीची गाठ दातांनी तोडलेली. धागे माझ्याच दातांत.

खालूंसाठी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या, खालांच्या हातात दिल्या. त्यांनी केराच्या डब्यात टाकल्या. गोळीत जीव नसतो, म्हणाल्या.

९ जुलै

खिडकीतून कोठीचं दार दिसतं. वाटी वाजली आणि चांदणी उताणी झाली नाही. पहिल्यांदाच! बसून राहिली. खालांनी पुन्हा वाजवली. ती गजांतून वर बघत होती, माझ्या खिडकीकडे.

हे मी जमिनीवर पडून ऐकलं. मग पाहिलं म्हणून कसं लिहिलं? मी पाहिलं नाही. पण दिसलं —

बरगडीखाली ठिपका आहे. ओला. बोट लावून चाखलं. घरची चव.

१० जुलै

चांदणी आटली. खाला जिन्यात कुणाला तरी फोनवर सांगत होत्या. खालू पिवळे पडलेत. जेवताना खालांनी माझ्या ताटात मासा वाढला, मग आणखी वाढला. तू खात जा गो, म्हणाल्या, अंगात काही धरायला हवं.

फोन सापडत नाही.

दार — बाहेरून कडी.

११ जुलै

राग आहे तोवर मी आहे. दिवसभर हेच म्हणते. राग आहे तोवर. वाटी वाजली की तोही उताणा होतो. खाला वाटी घेऊन आत येतात, पदराने माझा घाम पुसतात, गुणाची पोर ती माझी, म्हणतात. नंतर खालूंच्या खोलीतून त्यांचं हसू येतं. आज बरं वाटतंय, असं खालू —

मी दातांनी खिडकीचे गज घासते. हे आत्ता लक्षात आलं.

१३ जुलै

बेल. गाडी. डॉ. निवेदितांचा आवाज, आणखी माणसं. त्या आल्या, बोलल्याप्रमाणे आल्या!

ओरडायला तोंड उघडलं. वाटी —

पुन्हा जाग. अजून आहेत. खाला रडत कोठी उघडून देतायत. म्हणे मीच तुम्हाला बोलावणार होते, मुनीराला मीच फोन करायला लावला. सगळे त्यांना धीर देतायत. डॉक्टर विचारतायत, मुनीरा कुठे? खाला म्हणतात, घराच्या ओढीने गेली हो, परवाच विमानात बसवली.

मी इथे. मी इथे आहे. घशातून फक्त घरघर येते. एसीच्या यंत्रासारखी.

पिंजरा चाकांवर गेला. तिने मान वर केली. मला ओळखलं. दार लागलं. गाडी निघाली, वळली.

सुटली. आज ती ओळ खरी झाली. मी हसतेय. अब्बा, हे मी पाहिलं, तपासून लिहिते, चांदणी सुटली. आता बाकीच्यां

खालांची पावलं. एकट्याच. कोठीत काही ओढतायत, धुतायत. जिना चढतायत. मी उताणी होणार नाही. राग आहे तोवर. भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घट्ट, पेन घट्ट, हात खाली, हात खाली ठेवायचे, वाट