आपल्या घरात हॅलो

स्कारथ्वेट, यॉर्कशर
बुधवार, १४ ऑक्टोबर १९६४

प्रिय आयव्ही,

खुशाल असशील. इकडे आम्हीही आहोत, म्हणजे मी तरी आहे. चॅपलच्या जत्रेत माझ्या केकला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं त्या ॲनी पिकल्सला, आणि तिचा केक मधोमध बसलेला. असो.

रविवारी तू आलीस, आमच्या क्लिफर्डनं दार उघडलं आणि म्हणाला, "हॅलो, आयव्ही." तूही म्हणालीस, "हॅलो, क्लिफर्ड." मी आत हॅम कापत होते. सुरी हातातच राहिली.

अगं बाई, आपल्या खोऱ्यात हॅलो कुणाला म्हणतात, हे मी तुला शिकवू का? विम्याच्या एजंटाला, नव्या पाद्रीबाबाला, नाहीतर टेलिफोनला. घरच्या माणसाला "काय मग?" म्हणायचं, त्यानंही "काय मग?" म्हणायचं आणि उत्तर कुणीच द्यायचं नाही. झालं बोलणं! लीड्सच्या हॉस्पिटलात नर्स झाल्यावर तू पहिल्यांदा सुट्टीला आलीस आणि उंबऱ्यातून हॅलो म्हणालीस, तेव्हा बाबा काय म्हणाले होते? "पोरी, आधी फोन ठेव, मग आत ये."

लग्न झाल्यापासून बावीस वर्षं तो तुला "काय मग, मेहुणीबाई?" म्हणतोय, आणि तू "काय मग, दाजी? अजून हाकललं नाही का हिनं?" म्हणतेस. आणि आता एकदम हॅलो? वर हातात हात देऊन! जेवताना एकदाही एकमेकांकडे पाहिलं नाहीत. लोणच्यातल्या कांद्यांची बशी तुला हवी होती, तर ती तू माझ्याकडे मागितलीस, आणि बशी होती त्याच्यासमोर. घरातली माणसं इतकी सभ्य वागायला लागली की समजावं, काहीतरी शिजतंय.

मी काही आंधळी नाही. सोमवारी ॲनी येऊन बसली. म्हणाली, "गुरुवारी लीड्सच्या बस-स्टँडवर तुझा नवरा बाकावर बसलेला दिसला. आयव्हीनं त्याचा हात धरला होता. मी आपलं सांगितलं हो, माझ्या पोटात काही नाही." तिच्या पोटात काय असतं ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पण गुरुवारी क्लिफर्ड मला कबुतरांच्या क्लबात जातो म्हणून सांगून गेला होता.

मग मी मागच्या अंगणात जाऊन पाहिलं, तर खुराडं रिकामं. जिवापाड जपलेली कबुतरं त्यानं शेजारच्या हर्बर्टला देऊन टाकलीत, आणि मला पत्ता नाही. गेल्या आठवड्यात मला तळघरात नेऊन पाण्याचा मोठा नळ कसा बंद करायचा ते दाखवलं होतं. म्हटलं, "मला कशाला? तू आहेस की." तर म्हणतो, "असू दे, माहीत असलेलं बरं." घर सोडून जाणाराच असं करतो ना?

काल दिवसभर मी तुला सटवी, भवानी, जे तोंडाला येईल ते म्हटलं. पाठची बहीण आणि माझ्याच ताटात हात घालते! भांडी आपटली. एक बशी फोडली. खरं सांगू, बरं वाटत होतं.

आज सकाळी तो खाणीवर गेल्यावर मी अंथरूण झटकायला घेतलं. त्याच्या उशीचा अभ्रा ओला होता. ज्या माणसानं जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नाही, त्यानं कामावर जाण्याआधी अभ्रा धुतला होता. डाग नीट निघाला नव्हता. आयव्ही, तो लिपस्टिकचा नव्हता.

बाबाही त्याच खाणीत होते. त्यांना शेवटी छातीच्या ज्या वॉर्डात ठेवलं होतं, त्याच वॉर्डात तू काम करतेस. पुढचं मला लिहवत नाही.

त्यानं तुला शपथ घातली असेल, हिला सांगू नकोस म्हणून. तुम्हा दोघांना धड खोटं बोलता येत नाही, हे मला माहीत आहे. पण एकदा, फक्त एकदा मला खोटं लिही. तुमचं लफडं आहे असं लिही. मी आकांडतांडव करीन, वर्षभर तुझं तोंड पाहणार नाही, आणि मग तुम्हा दोघांना माफ करीन. तो तुझ्याकडे राहायला आला तरी चालेल. लीड्स काही लांब नाही, बसनं येऊन शिव्या देऊन जाईन त्याला.

देवा, लफडंच असू दे.

तुमच्या पापावर आस लावून बसलेली,
तुझी ताई
मेबल