तिन्ही कप्पे एका तोलाचे

धुळे, ९ फेब्रुवारी २०२४

ती. भटूकाका यांस संघमित्राचा सविनय जय भीम, वि. वि.

पाचव्या आठवड्याचा वजनाचा कागद टपालाने पोचला. (आमच्या सरांना मोबाईलवरचा फोटो चालत नाही, सहीचा कागदच लागतो.) पण काका, माझं डोकं चालेनासं झालंय. तीन जातींची ब्रॉयलर पिल्लं तुमच्या शेडात एकाच दिवशी आणली, तीन कप्प्यांत ठेवली, खाद्य मोजून ठरवलं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत निळ्या खुणेची पुढे होती, पिवळी मागे. आणि आता तिन्ही सारखी?

कोणती जात लवकर वाढते आणि कोणाचं मांस चांगलं, हाच तर माझा प्रबंध. तो महिनाअखेर दिला नाही तर वर्ष गेलं. काटा बिघडलाय का, बघाल? शेवटी प्रत्येक कप्प्यातली एकेक कोंबडी नुसत्या पाण्यात उकडून चव कळवा. मीठसुद्धा नको. काकूला जय भीम.

तुमची,
संघमित्रा

मु. पो. साक्री, जि. धुळे, १८ फेब्रुवारी

चि. संघमित्रा हिस अनेक आशीर्वाद.

काटा ठणठणीत आहे. कौतिकच्या दुकानातली वजनं आणून दोनदा तपासला. माझीही मती गुंग झाली आहे.

चवीचं तर विचारू नकोस. मी, कौतिक आणि शाळेतले गुरुजी बसलो, तिन्ही वाट्या चाखल्या, तिन्ही झणझणीत. मागाहून कळलं, काकूने काळा मसाला घातला होता. पाहुण्यांपुढे पांढरंफटक मांस ठेवायला ती काही मेलेली नाही, म्हणाली. काळ्या मसाल्यात चप्पल शिजवली असती तरी गुरुजींनी बोटं चाटली असती. आता काय लिहायचं ते तूच ठरव. जिवाला जप.

तुझा,
भटूकाका

२० फेब्रुवारी

चि. संघमित्रास द्रौपदाकाकूचे आशीर्वाद.

तुझे काका काटा घेऊन घरभर फिरतात, ते बघवेना म्हणून लिहिते. खाद्य मीच घालते. तिसऱ्या आठवड्यापासून निळ्यांच्या भांड्यातलं रोज घमेलंभर काढून पिवळ्यांना देत होते. एका छपराखालची लेकरं, एक दांडगं आणि एक मरतुकडं, हे माझ्याने पाहवत नाही. तुझी आई आजारी होती तेव्हा दोन वर्षं तू माझ्याकडे होतीस. तेव्हाही आमच्या आकाशच्या ताटातलं काढून तुला वाढायचे.

तुझं वर्ष गेलं तर मी तोंड कुठे लपवू?

तुझी काकू

धुळे, २४ फेब्रुवारी

ती. काकूस सविनय जय भीम.

तुझं पत्र वाचून आधी भयंकर राग आला, मग रडू आलं. आकाशच्या ताटाचं मला ठाऊकच नव्हतं. सरांना सगळं खरं सांगितलं. आकडे बाद झाले आणि वर्षही गेलं. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू?

मार्चमध्ये नवी पिल्लं आणते. सहा आठवडे तिथेच राहीन आणि खाद्य मीच घालीन. तू कप्प्यांकडे फिरकायचंसुद्धा नाही. माझं ताट मात्र तूच वाढ.

लोभ यंदा कोंबड्यांवर नको, माझ्यावरच असू दे.

तुझीच,
संघमित्रा