हौसेपुरतं पेट्रोल

१० जानेवारी १९८१, शनिवार

मिळाली! थोरलीची भूमिका मला मिळाली.

सकाळी डेटनहून पुरुषोत्तमकाकांचा फोन. "पद्मजा, थोरली तू करायचीस. नाही म्हणायचं नाही." मी कशाला नाही म्हणतेय! मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम ११ एप्रिलला आहे, त्यात तीन अंकी नाटक. काकांनी स्वतः लिहिलंय. दिवसभर लोकांचे कान-नाक-घसे तपासायचे आणि वर नाटकं लिहायची - या माणसाला वेळ कुठून मिळतो?

थोरली टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून धाकट्या भावाबहिणीला वाढवते. चाळिशीला आल्यावर एक दिवस सांगते, मी लग्न करतेय. त्यावर दोघं बिथरतात. तिसऱ्या अंकात तिचं दीड पानाचं भाषण आहे. काकांनी ते फोनवर वाचून दाखवलं. लाँग डिस्टन्सचं बिल त्यांना येणार, म्हणून मी मध्ये एक शब्द बोलले नाही.

गिरीशला सांगितलं. "अरे वा," म्हणाला. मग, "तालमी कुठे?" डेटनला, काकांच्या बेसमेंटमध्ये, दर शनिवारी. "म्हणजे जाऊन-येऊन दीडशे मैल. आणि आपली स्टेशन वॅगन गॅलनला बारा मैल देते." एवढंच. वावगं काही बोलला नाही. पण ते बारा माझ्या डोक्यात जाऊन बसले.

१७ जानेवारी, शनिवार

पहिली तालीम. आम्ही कोलंबसकडचे चौघं. डब्लिन उपनगरातून मी. सुलेखा, जिचा नवरा युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करतोय, ती नाटकातली धाकटी बहीण. शैलेंद्र, तो भाऊ - हा इन्शुरन्स कंपनीत प्रोग्रॅमर, अजून बिनलग्नाचा. आणि फार्मसीतला अनिल, तो नाटकातला शेजारी. चार माणसं, चार गाड्या! एकामागे एक, वरात निघाल्यासारखी.

काकांनी बेसमेंटच्या कार्पेटवर टेप चिकटवून दार, टेबल, खिडकी आखली होती. काकूंचे पोहे. परत येताना गाडीत एकटीच मोठमोठ्याने भाषण म्हणत आले. लॅबमध्ये दिवसभर रक्त काढते तेव्हा माझी वाक्यं तीन: "मेक अ फिस्ट", "लिटल पिंच", "नेक्स्ट". सहा वर्षं तीच म्हणतेय. आज जीभ मोकळी झाली.

२९ जानेवारी, गुरुवार

तेलाच्या भावांवरचं सरकारी नियंत्रण काल उठलं. बातम्या लागल्या तसा गिरीशने टीव्हीचा आवाज वाढवला. मी म्हटलं, पेट्रोल आणखी किती चढणार? विनीता वहीतून मान वर न करता म्हणाली, "गॅस, आई. नॉट पेट्रोल." आठ वर्षांची आहे. मला इथली भाषा शिकवते.

गिरीशच्या कारखान्यात मोठ्या गाड्यांचे भाग होतात. मोठ्या गाड्या आता कोण घेतंय? डिसेंबरात दुसरी शिफ्ट बंद झाली. शिवाय घराचे हप्ते. त्याने रविवारचं टेनिस बंद केलंय, म्हणे तीन आठवडे झाले. मला वाटत होतं थंडीमुळे जात नाही. "सांगितलं का नाहीस?" "त्यात सांगण्यासारखं काय?"

आता मला धड रागावताही येईना.

३१ जानेवारी, शनिवार

बर्फ. तालीम कॅन्सल. दिवसभर घरात येरझाऱ्या.

७ फेब्रुवारी, शनिवार

सगळे आमच्या वॅगनमधून गेलो. कल्पना माझीच. गिरीश म्हणाला, चांगलं आहे, खर्च चौघांत वाटून घ्या.

वाटून घ्या! कसा? मी तिघांना फोन केले. सकाळी आठला या, म्हटलं. पैशाचं ओठांवर आलं आणि सुलेखाला तिच्या सर्दीचं विचारलं. आपल्या माणसांना "पेट्रोलचे एवढे द्या" कसं म्हणायचं? सकाळी तिघं आले ते हातात डबे घेऊन. सुलेखाचे शंकरपाळे, अनिलच्या बायकोचा चिवडा, शैलेंद्रची डोनट्स. तो त्यांचा वाटा होता. त्यांच्या गाडीने गेले असते तर मीही लाडूच नेले असते.

संध्याकाळी गिरीशने टेबलावरचे डबे पाहिले आणि काय ते समजला. "शंकरपाळ्यांवर वॅगन चालत नाही, पद्मजा." असं म्हणून मूठभर खाल्ले.

पण तालीम काय रंगली! गाडी शैलेंद्र चालवतो, शेजारी मी, मागे सुलेखा आणि अनिल. गिरीशची सक्त ताकीद, पन्नासच्या वर जायचं नाही, पेट्रोल जास्त जळतं. त्यामुळे वेळच वेळ. जाताना पहिला अंक, येताना दुसरा. काका थक्क झाले.

१८ फेब्रुवारी, बुधवार

गॅलनला एक डॉलर पस्तीस! मागच्या आठवड्यात सव्वा होता. टाकी न भरता पाचच डॉलरचं घातलं आणि काटा बघत घरी आले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सिंकपाशी भांडी घासत भाषण म्हणत होते. "तुमच्यासाठी मी काय काय सोडलं ते तुम्ही कधी विचारलंत?" मागे वळले तर विनीता उभी. डोळ्यांत पाणी. "आर यू मॅड अॅट मी?" तिला जवळ घेतलं, नाटक आहे म्हणून समजावलं. तिला पटलेलं दिसलं नाही.

मग काकांना फोन केला. म्हटलं, काका, दर शनिवारी तिकडे यायला पेट्रोल परवडत नाही कोणालाच. पाठांतर आम्ही इथेच पक्कं करतो, मग एकदम २८ मार्चला येतो. काका कबूल झाले. "उभं राहून करा हं," म्हणाले. हो हो, म्हटलं. गिरीशला सांगितलं तर त्याचा चेहरा सैल झाला. मला अभिमान वाटला स्वतःचा. नाटकही करते आणि संसारही सांभाळते!

२८ फेब्रुवारी, शनिवार

आज हसू की रडू, तेच कळत नाही.

तालीम आमच्या दिवाणखान्यात. चौघं सोफ्यावर बसलो आणि कोणालाही काही आठवेना. शैलेंद्र तर पहिल्याच वाक्याला अडला. डोकं खाजवत म्हणाला, "वहिनी, हसू नका, पण गाडीत बसू या का यार?"

बसलो! घरासमोर उभ्या वॅगनमध्ये, इंजिन बंद, पायांवर गोधड्या. आपापल्या जागेवर बसल्याबरोबर वाक्यं धबाधबा यायला लागली. तिसऱ्या अंकात मी शैलेंद्रवर ओरडून हमसाहमशी रडत होते, तेवढ्यात काचेवर टकटक. शेजारच्या मिसेस केलर. काच खाली केली. "हनी, कुणाला फोन करू का?" अनिल मागून म्हणाला, "वी आर प्रॅक्टिसिंग." त्या म्हणाल्या, "फॉर व्हॉट?"

थोड्या वेळाने त्यांनी गरम कोको आणून दिला.

१४ मार्च, शनिवार

पुन्हा वॅगन. तीनही अंक, एकही चूक नाही. पेट्रोल थेंबभरही नाही.

२८ मार्च, शनिवार

पार धुळीला मिळालं सगळं.

डेटनला गेलो ते ऐटीत. काका म्हणाले, चला, पहिला अंक, उभे राहा. उभे राहिलो. दोन पावलं चालले आणि पुढचं वाक्य गायब. थांबले तर आठवायचं, चालले की जायचं. अनिलने दारातून यायचं होतं. तो आला आणि सरळ सुलेखाच्या शेजारी जाऊन बसला. शैलेंद्र बोलताना मागे वळूनही बघेना, समोर भिंतीकडे बघून बोलत होता. आणि माझं भाषण! टेबलापासून दारापर्यंत चालत म्हणायचं ते. मी तीनदा टेबलाशी परत आले.

काकांनी चष्मा काढला. "तुम्ही तालमी केल्यात कुठे?" मी खरं ते सांगितलं. मला वाटलं हसतील. हसले नाहीत.

"दोन आठवडे राहिलेत. आठवड्यातून तीनदा यावं लागेल. जमत नसेल तर आत्ताच सांगा, मी कॅन्सल करतो. लोकांसमोर हे मी उभं करणार नाही."

चूक माझी. अक्कल चालवायला मीच गेले होते.

२९ मार्च, रविवार

गिरीशला सांगितलं. आठवड्यातून तीनदा. तो नाही म्हणाला.

मी बोलायला नको ते बोलले. या देशातल्या सहा वर्षांत तुझ्याकडे मागितलं काय मी, म्हटलं. तुझ्या त्या बारा मैलांत माझा जीव घुसमटतो, म्हटलं. मग हळूच म्हणाला, "आणखी चाळीस जणांना काढणार आहेत, पद्मजा. यादी एप्रिलअखेर लागेल. मी चार-पाच ठिकाणी अर्ज टाकलेत."

केव्हापासून माहीत होतं याला? जानेवारीपासून. हे पोटात ठेवून हा माणूस रोज माझी वाक्यं ऐकत होता.

त्यावर तरी मी गप्प बसावं की नाही? मी म्हणाले, "तरी मला जायचंय." म्हणाले खरी. नवऱ्याची नोकरी जायची वेळ आलीय आणि मला तिसरा अंक दिसतोय. लाज वाटते. पण जायचंय.

३१ मार्च, मंगळवार

फोन केले. आधी अनिलला, कारण तो सगळ्यात परका. मग शैलेंद्र, मग सुलेखा. "दर फेरीला प्रत्येकी चार डॉलर द्यावे लागतील. नाहीतर मला येता येणार नाही." गिरीशच्या नोकरीचं सांगितलं नाही.

शैलेंद्र म्हणाला, "अहो वहिनी, पाच घ्या." सुलेखा मात्र चिडली. "मग आधी नाही का सांगायचंस? पैसे दिले तर तुम्हाला राग येईल, म्हणून गप्प बसलो आम्ही. शुक्रवारचा सगळा दिवस शंकरपाळे तळण्यात जायचा माझा!"

दोन महिने आम्ही एकमेकांचा मान राखत बसलो होतो.

गिरीशला म्हटलं, विचारले पैसे. त्याने मान डोलावली. मग बाहेर गेला, बराच वेळ आला नाही. बघितलं तर वॅगनच्या चाकांत हवा भरत होता. "हवा कमी असली की जास्त जळतं," म्हणाला.

७ एप्रिल, मंगळवार

लॅब, घर, डेटन, घर, लॅब. पोटऱ्या दुखतात. आज काकांनी मला एकोणीस वेळा दारापर्यंत चालवलं. एकोणिसाव्यांदा वाक्य गेलं नाही.

१२ एप्रिल, रविवार

काल झालं!

हॉल भरला होता. पहिला अंक नीट. दुसऱ्यात शैलेंद्रला ऐन भांडणात वाक्य आठवेना. त्याने शांतपणे खुर्ची ओढली, बसला, दोन्ही हात समोर धरले, स्टिअरिंगवर धरतो तसे. आणि वाक्य आलं. लोकांना वाटलं, भाऊ तिरसटपणाने बहिणीकडे पाठ करून बसला. टाळी पडली! विंगेत काका कपाळाला हात लावून उभे होते.

तिसरा अंक. टेबलापासून निघाले. बोलत होते आणि चालत होते आणि मला कशाचीही भीती वाटत नव्हती. पुढच्या रांगेतल्या एक बाई पदर डोळ्याला लावून बसलेल्या दिसल्या. दाराशी पोचले तेव्हा वाटलं, आणखी दहा पानं हवी होती. इतकी सुखी मी या देशात आल्यापासून कधी झाले नव्हते. लिहायला काही वाटत नाही, इथे कोण वाचतंय.

गिरीश तिसऱ्या रांगेत होता. परतताना गाडी तोच चालवत होता. मग म्हणाला, "मला इतके दिवस वाटत होतं, हा तुझा विरंगुळा आहे." विनीता मागे झोपली होती. आणि आम्ही पासष्टने चाललो होतो! मी काटा बघितला, पण बोलले नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार

गिरीशला नोकरी मिळाली. ह्यूस्टनला, तेलकंपनीत. भाव चढले म्हणून तिकडे नव्या विहिरी खणतायत आणि इंजिनिअर कमी पडतायत. पगार इथल्या दीडपट. पहिल्या जूनला हजर व्हायचंय. "आता तुला पेट्रोलचा विचार करायला नको," म्हणाला. कितीतरी महिन्यांनी मोकळा हसला. मी हो म्हणाले. मग नकाशा काढून बघितलं. इथून अकराशे मैल.

संध्याकाळी काकांचा फोन. दिवाळीला नवीन नाटक, मुख्य भूमिका माझी. त्यांनाही हो म्हणाले.